शिमग्यापर्यंतची लिंबं

११ जानेवारी
झाड तोडलं. पालेगावची जागा बिल्डरला देताना अमित छाती ठोकून सांगत होता — "लिंबाचं झाड ठेवणारेत, गार्डनमध्ये." गार्डन नकाशातच राहिलं! सासूबाई रिक्षा करून गेल्या, आडव्या पडलेल्या झाडाची लिंबं तोडून टोपली भरून चिखलोलीला फ्लॅटवर आल्या. लेकाशी एक शब्द नाही.

१३ जानेवारी
मायलेक एकाच सोफ्यावर बसतात आणि माझ्यामार्फत बोलतात. "बोल त्याला, चाय थंड व्हतंय." "सांग तिला, पितोय." मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे?

१४ जानेवारी
लोणचं घालते म्हटलं तर — "नको! जिज्ञासा शिमग्याला येल, ती घालंल." या झाडाच्या लोणच्याला घरच्या लेकीचाच हात लागायचा. सुनेचा लागला की बुरशी धरते, म्हणे. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी अजून बुरशीच!

म्हणजे लिंबं शिमग्यापर्यंत टिकवायची. सासूबाईंनी एकेक कोरडं पुसलं, गोडेतेलाचं बोट फिरवलं, पेपरात गुंडाळलं, टोपली पलंगाखाली. अमित अंबरनाथला पॅकिंगच्या पिशव्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याला कसं बघवेल? अर्धी लिंबं उचलली, नळाखाली धुतली, कामावर नेऊन मशीनवर सील मारून आणली. "सांग तिला, एअरटाइट आहे. झाडावर होती तशी राहतील."
झाड हा शब्द नको होता काढायला.

२२ जानेवारी
पिशव्यांना आतून घाम. अमित म्हणतो, मॉइश्चर लॉक होतंय. असेल बाबा.

२९ जानेवारी
बुरशी. हिरवीगार. आणि मी हातसुद्धा लावला नव्हता!
सासूबाई लांबूनच — "बोल त्याला, वल्लं लिंबू कोंडलंस तर दुसरं काय व्हनार? त्याला पन श्वास लागतंय."
मी बोलले. अमितने चांगली उरलेली पुसली, नव्या पिशव्यांत भरली, सुई तापवून भोकं पाडत बसला. पंधरा वर्षं पिशवीला भोक पडू नये म्हणून पगार घेतोय हा माणूस.

१६ फेब्रुवारी
सासूबाईंच्या लिंबांची साल जरा कडक झालीये, पण नासलं एकही नाही. अमितची जवळजवळ सगळी गेली. त्याने स्वतःच कचऱ्यात टाकली, वर झाकण लावलं.
मला फार वाईट वाटलं. लिंबांचं त्याला काय पडलंय? आईने एकदा "बरं केलंस" म्हणावं, एवढ्यासाठी चाललंय सगळं. आणि ही बाई म्हणजे दगड! भोकांची एक पिशवी फ्रिजवर, डब्यांच्या मागे राहिली होती. मला दिसली. नाही हलवली.

२ मार्च
"बोल त्याला, गॅस संपलंय." बोलले.

१२ मार्च
जिज्ञासा उरणहून आली. टोपली उघडली — लिंबं रसाने भरलेली! सासूबाई चाळीत असल्यासारख्या मजलाभर दाखवून आल्या. अमित मोबाईलमध्ये तोंड घालून बसला.
लोणच्याला बसलो तर नणंदबाई कानात — "वहिनी, मीठ तूच घाल ना. मला अंदाज नाय. दरवर्षी आईच सांगायची. आईला बोलू नको हां."
घातलं. बघू बुरशी धरते का.

१४ मार्च
धुळवड. सगळी लिंबं लोणच्यात गेली, सरबताला एक नाही. जिज्ञासाने फ्रिजवरून ती पिशवी काढली. आत एकच, पिवळंधमक, मऊ. सासूबाईंनी कापलं आणि सुरी तशीच धरून बसल्या. आतल्या बियांना कोंब फुटले होते. पांढरे, एकाला हिरवं टोक.
मी सवयीने तोंड उघडलं, पण माझी गरजच लागली नाही.
"अमित, बघतंस काय? माती आन."
लिफ्टची वाट न बघता तो जिन्यानेच गेला.