माझ्या मरणाचं गाणं पहिल्या नंबरावर

प्रिय टेव्हियन,

शेजारची वर्नेल हे पत्र लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि मधेच "हे खरंच लिहू?" म्हणून डोळे मोठे करते. लिही म्हटलं. आधी फोनच केला होता. तुझ्या अटलांटाच्या ऑफिसातल्या पोरीनं विचारलं, "कोण बोलतंय?" म्हटलं, त्याची आजी, ओडेसा.  ती म्हणाली, "बाई, असली थट्टा शोभते का या वयात? सरांची आजी वारली, साऱ्या देशाला ठाऊक आहे." आणि फोन ठेवला. माझं तुझ्याकडे एक काम आहे, पण मेलेल्या बाईचं ऐकतो कोण!

तुझं गाणं ऐकलं हो मी. न्हाव्याच्या दुकानात वाजतं, पेट्रोल पंपावर वाजतं, पाद्रीबुवांच्या गाडीत काचा वर करून वाजतं. महिनाभर पहिल्या नंबरावरून हलेना म्हणतात. "आजी, तुला मातीत ठेवून आलो" म्हणताना तुझा आवाज असा फुटतो, की मलाच माझी दया आली. दोन दिवस मी स्वतःशी जरा प्रेमानं वागले.

पण त्रास मला होतो ना! परवा व्हरांड्यात वाटाणे सोलत बसले होते. लांबून आलेली पोरंपोरी गाडीतून उतरली, हातात फुलं. "आजी, ड्यूक टेव्हच्या आजीची कबर कुठंशी?" ड्यूक टेव्ह म्हणजे गाण्यातलं तुझं नाव, हे मला आता पाठ झालंय. मी त्यांना तुझ्या आजोबांच्या, रूफसच्या कबरीकडे पाठवलं. रूफसला जन्मात कुणी फूल दिलं नव्हतं. आता त्याच्यावर गुलाबांचा ढीग आहे. पलीकडच्या गावच्या चर्चमधल्या बायका तर माझ्या दुःखाचं जेवण घेऊन आल्या: तळलेली कोंबडी, चीज घातलेली मॅकरोनी, रताळ्याची गोड पेस्ट्री. मी मयताची बहीण म्हणून सगळं ठेवून घेतलं. पेस्ट्रीत साखर कमी होती. पण आपल्याच मयताच्या जेवणाला नावं ठेवू नयेत.

आणि गाण्यात "एकटा, उपाशी वाढलो" हे कुठून काढलंस रे? माझ्या कपड्यांच्या कपाटात, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगून तू पहिलं गाणं रेकॉर्ड केलंस. आवाज होतो म्हणून मला पंखा लावू देत नव्हतास. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात मी घामानं निथळत बसले, आणि मधेच खोकले म्हणून तू मला अंगणात काढलंस. मग त्या कॅसेटी गाडीच्या डिकीतून विकायला चर्च सुटायची वेळ निवडलीस. आपल्या चर्चमधल्या सिस्टर लव्हीनं भजनं समजून घेतली आणि घरी लावली. ती अजून चर्चमध्ये माझ्या शेजारी बसत नाही. तुझं दुसरं गाणं आपटलं, तेव्हा इथंच येऊन आठवडाभर पांघरूण घेऊन पडला होतास. उपाशी म्हणे! भांडं चाटून पुसून ठेवायचास.

वर्नेल म्हणते, आता मुद्द्यावर ये. येते.

गेल्या हिवाळ्यात मी छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होते आणि तू आला नाहीस. कार्यक्रम होते, असं तुझ्या माणसानं कळवलं. हे गाणं तू त्याच आठवड्यात लिहिलंस, हे मला वर्नेलनं आत्ता सांगितलं. मग मी रागवायची थांबले. लहानपणीही तू असाच होतास. इंजेक्शन मिळायच्या आधीच रडून घ्यायचास, म्हणजे दुखणार नाही. तसा तू मला आधीच पुरून मोकळा झालास. असू दे. गाण्यातला एक शब्द बदलू नकोस, चांगलं चाललंय त्याचं. कुणी विचारलं तर मी मयताची बहीणच राहीन. पण पुढच्या मंगळवारी सकाळी माझं हृदय उघडून दुरुस्त करणार आहेत. डॉक्टरनं विचारलं, बाहेर बाकावर तुमचं कोण बसेल? मी तुझं नाव सांगून टाकलंय. अटलांटाहून गाडीनं तीन तासांचा तर रस्ता. गायचं नाही, रडायचं नाही. नुसतं बसायचं, आणि मी डोळे उघडले की तिथं असायचं.

तुझीच,
ओडेसा आजी