गौरा चौऱ्यावर सध्या कोणी नाही

बोरसी, दुर्ग
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय आनंद,

'प्रिय' हे रीत म्हणून लिहिलंय, त्यावर विसंबू नकोस. संस्कृतात लिहायचं असतं तर 'आयुष्मन्' म्हणून माझी सुटका झाली असती. त्यात समोरचा जगावा एवढीच इच्छा असते, तो आवडायलाच हवा अशी अट नसते. मराठीत ती सोय नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि माझा राग तसाच शिल्लक राहतो. मग तो नववीच्या मुलांवर निघतो. त्यांचा काही दोष नसतो, त्यांनी फक्त संस्कृत घेतलेलं असतं.

तुझा अहवाल वाचला. महापालिकेच्या झोन कार्यालयात पाण्याच्या कूलरशेजारच्या टेबलावर लोकांना बघण्यासाठी ठेवलाय, आणि चक्क साखळीने बांधून ठेवलाय. तो कुणाला पळवून न्यावासा वाटेल असा त्यांचा समज का झाला, कळत नाही. स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या आपल्या जुन्या सेक्टरच्या मागून, बोईरपारा वस्तीतून चौपदरी रस्ता निघणार, आणि त्या रस्त्याच्या वाटेत जुनं, पुजलं जाणारं, जपण्यासारखं काय काय येतं ते पाहून सांगायचं काम तुझ्या कंपनीकडे होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. 'सांस्कृतिक वारसा' या प्रकरणाखाली तुझं नाव आणि सगळ्या पदव्या. छान दिसतात. बाबा असते तर त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून प्लांटमधल्या सगळ्या जुन्या दोस्तांना वाटली असती.

आणि मग गौरा चौरा. तुझेच शब्द उतरवून आणलेत: 'वापरात नसलेला सिमेंटचा ओटा. मूर्ती नाही, छप्पर नाही, शिलालेख नाही. मध्यभागी खळगा, बहुधा झेंड्याच्या खांबासाठी. वारसामूल्य निरंक. काढून टाकण्यास हरकत नाही.' सोबत मे महिन्यातल्या भर दुपारचा फोटो, त्यात एका कोपऱ्यात तुझी सावली. अख्ख्या प्रकरणात मला खरी वाटलेली गोष्ट तेवढी एकच.

त्याच पानावर पुढे ते लग्नाचं लॉन आहे, ज्याच्या दारात फायबरचे दोन हत्ती सोंडा वर करून उभे असतात. त्याला तू 'परिसराची दर्शनी ओळख' म्हटलंयस आणि रस्ता थोडा वळवून ते वाचवावं अशी शिफारस केलीयस. म्हणजे एका लग्नाच्या जागेसाठी रस्ता वाकला आणि दुसऱ्या लग्नाच्या जागेवरून सरळ गेला. तू पैसे खाल्लेस असं मी म्हणणार नाही, मी तुला ओळखते. तू लाचखाऊ नाहीस, आळशी आहेस. लाचखाऊ माणूस निदान जागेवर दोनदा येतो.

आता तुला काहीच माहीत नाही असं धरून सांगते. तुझ्या अहवालाने तसं धरायची मुभा दिलीच आहे. प्लांट आला तेव्हा त्या गावाची शेतं गेली, अर्धं गाव गेलं, आणि उरलेला पारा आपल्या क्वार्टरांच्या मागच्या गल्लीला चिकटून राहिला. त्या लोकांपाशी देऊळ नव्हतं, चौरा होता. दिवाळीच्या आधी बायका त्या खळग्यात झेंडूची फुलं घालून दगडाने कुटतात आणि गाणी म्हणत देवांना उठवतात. दिवाळीच्या दिवशी तळ्यातून वाजतगाजत माती येते, तिचे गौरा आणि गौरी होतात, म्हणजे शंकर-पार्वतीच, त्यांचं लग्न लागतं, आणि दुसऱ्या सकाळी मिरवत नेऊन त्यांना परत तळ्यात सोडतात. मग पुढचं वर्षभर चौरा रिकामा. तो रिकामा असणं हीच त्याची रीत आहे. लग्न झाल्यावर नवरानवरी मांडवात बसून राहत नाहीत, हे फायबरच्या हत्तींनासुद्धा कळतं.

पण गंमत अशी की तुला हे सगळं माहीत आहे. त्या चौऱ्याच्या कडेवर तू पणत्या लावायचास. 'मीच लावणार' म्हणून पाऱ्यातल्या पोरांशी भांडायचास, आणि एकदा चड्डीचा मागचा भाग जाळून घेतला होतास. म्हणजे दोनच शक्यता उरतात: एक, तू ती जागा ओळखली नाहीस, दोन, ओळखूनही तसं लिहिलंस. यातली वाईट कुठली ते ठरवायचं मी टाळलंय. गेले आठ-दहा दिवस टाळतेच आहे.

चंपाने मात्र तुला ओळखलं. चंपा, आपल्या मागच्या फाटकाशी लालभाजीची टोपली घेऊन बसायची ती, आणि गौराच्या गाण्यात सगळ्यात वरचा सूर जिचा असायचा ती. अजून ठणठणीत आहे, गुडघे सोडून. मे महिन्यात तू टोपी-गॉगल लावून, सोबत दोन पोरं आणि मोजायची टेप घेऊन आलास, तेव्हा ती समोरच्या ओसरीवर महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालून बसली होती. तू तिला विचारलंस, 'अम्मा, यहाँ कौन से देवता हैं?' ती म्हणाली, 'अभी तो कोनो नइ हे, बेटा.' बाई खरं बोलली. मे महिन्यात तिथे कोण असणार? तू 'धन्यवाद' म्हणून लिहून घेतलंस, 'मूर्ती नाही'. पुढे 'मग कधी असतात?' हा एक प्रश्न विचारला असतास तर तिने तुला ओसरीवर बसवून अख्खं लग्न गाऊन दाखवलं असतं, वर जेवायलाही घातलं असतं. ती मला म्हणाली, 'चारु, तोर भाई नापिस बने, फेर पूछिस नइ.' मापं चांगली घेतली, पण विचारलं नाही. मी म्हटलं, तू ओळखलं होतंस तर नाव का नाही घेतलंस त्याचं? तर म्हणते, 'ओ हा मोला नइ चिन्हिस, त मैं काबर चिन्हव?' त्याने मला नाही ओळखलं, तर मी का म्हणून ओळखू? याचं उत्तर तुझ्यापाशी असेल तर कळव.

त्याच संध्याकाळी तू आईला फोन केलास आणि 'बाहेरगावी साइटवर आहे' म्हणालास. बाहेरगाव! आपल्या घरापासून ऑटोने अर्धा तास! त्या दिवशी तिने आमरस केला होता. तू येणार म्हणून नाही, ती तशी भाबडी नाही, पण आमरस होता एवढं ध्यानात ठेव.

तू अकरावीत असताना मी तुला न्यायशास्त्रातली एक गोष्ट समजावत होते आणि तू क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होतास. आज ती पुन्हा सांगते, आता कॉमेंट्री मी करतेय. एखादी वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाहीच, असं म्हणायला आपल्या जुन्या पंडितांनी परवानगी दिली आहे, पण एका अटीवर. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, वेळ बरोबर हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून 'घागर नाही' असं सांगणाऱ्याला ते पंडित मूर्खही म्हणत नाहीत, त्याला नुसते चर्चेतून उठवतात. तू भर उन्हात जाऊन अंधाऱ्या खोलीतली घागर मोजून आलायस, आनंद. आणि खात्याने त्यावर शिक्का मारलाय.

घरची खबर द्यायची तर आईचा मोतीबिंदूचा डावा डोळा झाला, आता उजवा संक्रांतीनंतर. टीव्हीवरच्या बायकांची मेकअपची चूक तिला हल्ली फार स्पष्ट दिसते. जिना अजून एकटीच उतरते आणि मी हात धरला की 'मले काय झालं' म्हणून खेकसते. बोईरपाऱ्यात ती दर दिवाळीला जाते, तुला माहीत नसेल. तू हॉस्टेलला गेल्यावरही ती जातच राहिली, बाबा गेले त्या वर्षीसुद्धा गेली. मी सोडायला जाते आणि कडेला उभी राहते. चंपा आणि ती हात धरून बसतात, फारसं बोलत नाहीत. दोघींना एकमेकींची भाषा अजून निम्मीच येते, आणि उरलेल्या निम्म्याची त्यांना कधी गरज पडलेली दिसली नाही.

ती का जाते, हे तुला कधी सांगितलेलं नाही. आईनेच सांगू दिलं नाही. आता सांगते, कारण तुझ्या अहवालात 'जागेशी स्थानिकांचे भावनिक संबंध' असा एक रकाना आहे आणि त्यात तू 'आढळले नाहीत' असं भरलंयस. तू चार वर्षांचा होत आलास तरी बोलत नव्हतास. एक अक्षर नाही. सेक्टरच्या हॉस्पिटलात दाखवलं, नागपूरला नेऊन दाखवलं, सगळे म्हणाले थांबा, बोलेल. आजी म्हणायची, मुका आहे, मान्य करा आता. आई ऐकून घ्यायची आणि पोळ्या लाटायची. त्या दिवाळीला गौरा-गौरी तळ्याकडे निघाले त्या सकाळी ती मला आणि तुला घेऊन मिरवणुकीत गेली. तिथे ज्याला काही मागायचं असतं तो हात पुढे करतो आणि त्याच्या हातावर गवताच्या दोराचा सोटा ओढतात. चांगला सपकन ओढतात, हळुवार नाही. पुरुष पुढे होतात. बायका सहसा नाही, आणि प्लांटमधल्या बाबूंच्या मराठी बायका तर कधीच नाही. आईने तुला चंपाच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि हात लांब केला. बांगड्या वर सारायलाही विसरली. तीन फुटल्या. सोटा मारणारा गडी थबकला, तशी चंपा त्याच्यावर ओरडली, 'मार ना रे, दाई हे!' मार ना, आई आहे ती.

तू साधारण पौषात बोललास. पहिलंच वाक्य 'मले नाई पायजे', समोर दुधाचा पेला होता. तेव्हापासून तुझा एकूण सूर बदललेला नाही. न्यायशास्त्र वाचलेली बाई म्हणून मी हे कबूल करते की आधी सोटा आणि मग बोलणं, एवढ्यावरून सोट्यामुळे बोलणं असं सिद्ध होत नाही. डॉक्टर म्हणालेच होते, बोलेल. पण आई काय मानते हे मला ठाऊक आहे. तू रकान्यामागून रकाने भरून जे लिहिलंस, त्यातल्या प्रत्येक शब्दाची उधारी ती त्या ओट्यापाशी मानते. तोच ओटा तू 'काढून टाकण्यास हरकत नाही' म्हणतोस.

गुरुवारी सकाळी पाऱ्याच्या सामुदायिक भवनात रस्त्याची जनसुनवाई, म्हणजे लोकांची सुनावणी, आहे. मी बोलणार आहे, चंपा बोलणार आहे, बायका गाणार आहेत. झोनच्या इंजिनिअरने मला स्वच्छ सांगितलं, 'मॅडम, जिसने सर्वे किया वही लिखकर दे दे कि गलती हुई, तो लाइन दूसरी तरफ खिसक जाएगी, उधर जमीन खाली है।' लॉनसाठी सरकली तशी. म्हणजे सगळं तुझ्या एका पानावर आहे. तू ते पान पाठवलं नाहीस तरी मी लढेन, आणि तुझं नाव घेऊन लढेन, माझा घसा चांगला आहे. त्यासाठी तुला पत्र लिहायची गरज नव्हती. लिहिलं ते यासाठी, की आई पण येतेय. काल चंपाने तिला चौरा तुटणार एवढंच सांगितलं, कोणी लिहिलं ते गिळून टाकलं. मीही गप्प राहिले. आई म्हणाली, 'कोन व्हय थो? त्याची माय जित्ती हाय का? असंन तर तिले आना म्हना मायासमोर.' तिने गुरुवारसाठी नेसूचं काढून ठेवलंय. पुढच्या रांगेत बसून सगळ्यांना हात दाखवणार म्हणते. त्या हातावर काही दिसणार नाही, वळ चार दिवसांतच गेला होता, पण ती तो वर करणार आहे. आणि सुनवाई सुरू होताना साहेब माइकवरून आधी अहवाल करणाऱ्याचं पूर्ण नाव वाचतात, वडिलांच्या नावासकट. तशी पद्धत आहे. त्याच्या आधी ये. पान लिहून आण आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बस. नाव वाचलं जाईल तेव्हा तिने ते तुझ्या तोंडून ऐकलेलं असू दे.

तुझीच (यातला 'च' आईच्या खात्यावर),
चारुताई