पऱ्ह्याची पट्टी आणि सात सह्या

मी, श्रीमती माधुरी वसंत कळंबे, वय ६७, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार खालची आळी, महाड, आज माझ्या घराच्या ओटीवर बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या मिळकतीची ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायदा त्यांच्याबद्दल विचारत नाही. हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणत, अक्षर असे काढ की तू समोर नसतानाही ते वाचता यावे. त्यांनी ते बहुधा याच दिवसासाठी सांगितले असावे.

१. बँकेतील ठेवी व दागिने माझी एकुलती मुलगी श्रुतिका हिला मिळावेत. मोत्यांची कुडी तिने घालावी, कपाटात ठेवू नये.

२. माझ्या वडिलांनी बांधलेले व त्यांच्या मृत्युपत्राने मला मिळालेले राहते घरही श्रुतिकाचेच. ती ठाण्याला असते, इथे राहण्याचा आग्रह नाही. विनंती एकच. माडीच्या बाहेरच्या जिन्याची एक किल्ली नेहमी आळीत असावी. पुराचे पाणी चढले की आळीतल्या सातही घरांची माणसे त्या माडीवर येतात. २०२१ साली तिथे एकतीस माणसे, दोन शेळ्या आणि शेजाऱ्यांचा टीव्ही होता.

३. आता मुख्य गोष्ट. घरामागे नदीकडे उतरणारी जमिनीची अरुंद पट्टी माझ्या नावावर आहे. आळीत तिला पऱ्ह्या म्हणतात. पावसाळ्यात ती वाहते, उन्हाळ्यात कोरडी पडते. आळीत शिरलेले पुराचे पाणी याच वाटेने परत जाते, दुसरी वाट नाही. पलीकडच्या मोकळ्या जागेवर खाली गाळे आणि वर सात मजले सदनिका अशी इमारत उठणार आहे आणि तिच्या रस्त्यासाठी विकासकाला ही पट्टी भराव टाकून हवी आहे. त्यांच्या पत्रकात लिहिले आहे, 'प्रत्येक खिडकीतून नदीचे दर्शन.' आम्हाला दर्शन द्यायला नदी स्वतः घरात येते, हे पत्रक लिहिणाऱ्याला कोणी सांगितले नसावे.

मी इमारतीच्या विरुद्ध नाही, हे नोंदवून ठेवते. मुंबईहून परतणाऱ्यांना घरे हवीत, आळीला औषधाचे दुकान हवे. खांबांवर बांधा, पाण्याची वाट सोडा, मी पेढे वाटीन.

माझ्या वडिलांनी आळीला एक रीत लावली होती. पूर ओसरला की गाळ धुण्याआधी सर्वांनी आमच्या दारी जमायचे आणि पाणी जिथवर चढले तिथे भिंतीवर खिळ्याने रेघ ओढायची. रेघेआधी कोणी झाडू उचलायचा नाही. पहिली रेघ माझ्या गुडघ्याला लागे, २००५ ची खांद्याला, २०२१ ची डोक्याच्या वीतभर वर. आणि श्रुतिकाच्या लग्नाला घर चांगले दिसावे म्हणून, आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या मी, ती भिंत खरवडून रंगवून घेतली. रंगारी सयाजी तेव्हा म्हणाला होता, "बाई, ह्या रेगा राहू द्या. भिंत काय, परत घाण होनारच हाय." मी म्हटले, "सयाजी, तू रंग लाव, भविष्य सांगू नकोस."

दोन वर्षांनी इमारतीवरच्या हरकतींच्या सुनावणीचे पत्र आले आणि मी कोऱ्या भिंतीपुढे उभी राहिले. राग सयाजीवर काढला. "खरवड म्हटले म्हणून इतके खरवडायचे?" तो चपला घालून निघून गेला. महिनाभर मी त्याला ओटीवर बोलावले नाही. ती माझी चूक होती. इथे लेखी कबूल करते.

सुनावणीत अभियंत्यांनी विचारले, "पाणी एवढे चढते याला पुरावा काय?" मी उभी राहून म्हटले, "होता. मीच रंगवून टाकला." विकासकाची माणसे हसली. तेवढ्यात मागून सयाजी आला आणि त्याने टेबलावर एक बांबूची काठी आडवी ठेवली.

"सायेब, रंग मी मारला. पन खरवडायच्या आदी रेगांचं माप ह्या काठीवर खाच पाडून घेतलं. बाईंनी सांगितलेलं काम केलं, आनि नाय सांगितलेलं पन."

"या खाचा खऱ्या कशावरून?"

आमच्या आळीच्या बयाबाई मागच्या रांगेतूनच ओरडल्या, "चला की आमच्या घरात! वाशाला गाळ अजून चिकटलाय. म्हातारीचा हात पोचत नाय म्हनून धुतला नाय, आता कळलं कशाला ते!"

साहेब खरोखर आले. दोन्ही घरांच्या जोत्यांची पातळी मोजून काठी उभी केली. वरची खाच आणि बयाबाईंच्या वाशावरचा गाळ बरोबर एका रेषेत होता. भरावाचा नकाशा परत गेला. आळीचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पण नकाशे पुन्हा येतात. मी गेल्यावर श्रुतिकाला फोन येतील, ती एकटी पडेल. 'ही पट्टी कधीही विकू नये' अशी अट कायद्यापुढे टिकत नाही, असे माझ्या वकील वैशालीताई सांगतात. म्हणून अट घालत नाही, मालक वाढवते. ही पट्टी मी आळीतील सात घरांना, श्रुतिकाच्या घरासह, सामाईक व समान हिश्शाने देते. सोबतच्या यादीत मालकांची नावे आहेत. यापुढे पूर्ण पट्टी हवी असेल त्याला सात सह्या लागतील. या सात घरांचे गणपतीच्या मांडवाच्या रंगावरही आजवर एकमत झालेले नाही. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे.

४. बयाबाई पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून लग्न होऊन आमच्या शेजारी आल्या, त्याला चाळीस वर्षे झाली. माझे शिवणयंत्र त्यांना. जिन्याची किल्लीही त्यांच्याकडेच. वासा त्यांनी आता धुतला तरी चालेल.

५. मोजणीदार ओम हा माझा विद्यार्थी, दुसऱ्या बाकावरचा. भरावाच्या नकाशासाठी त्याने पऱ्ह्या मे महिन्यात मोजला आणि 'सपाट कोरडी जागा' असे लिहिले. त्याला माझी नकाशांची वही मिळावी. समोच्च रेषांचे पान दुमडून ठेवले आहे. रागाने देत नाही. त्याची आकृती वर्गात सर्वांत सुबक असे.

६. काठी सयाजीचीच आहे, ती मी देणारी कोण? त्याला माझ्या वडिलांचा तो खिळा देते. पुढचा पूर ओसरला की भिंतीवर जुन्या तीन रेघा काठीवरून आणि चौथी गाळावरून त्यानेच ओढावी. त्या भिंतीला पुन्हा रंग लागू नये.

७. माझ्या अस्थी सावित्री नदीत सोडाव्यात. ती माझ्याकडे तीनदा न बोलावता आली. मी तिच्याकडे एकदा जाईन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वैशालीताईंनी करावी. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा त्यांचा सल्ला, म्हणून ओटीवर बसलेल्या सयाजीला सही करू दिली नाही. तो म्हणाला, "म्हंजे माजी सही चालत नाय, रेघ चालते?"

होय. लिहून ठेवते. सयाजीची रेघ चालते.

माधुरी वसंत कळंबे

आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. चांगू रामजी सकपाळ, निवृत्त पोस्टमन, दासगाव
२. महादू गोविंद उतेकर, शेती, सव

महाड, दि. १४ मे २०२५. पऱ्ह्या आज कोरडा आहे.