डुक्कर फियाट माहेरी निघाली

कन्हेरी, ३ सप्टेंबर १९९६

चि. दत्तोबास प्रयागअक्काचे आशीर्वाद. वि. वि. हितं समदी बरी हायेत. तुझा गुडघा कुरकुरत असंल तर कुरकुरू दे, काम हाय.

तुझे दाजी गेल्यापासनं त्यांची डुक्कर फियाट गोठ्यात पडून हाय. इंजान नातू मल्हारनं चालू ठेवलंय, पत्र्याची मात्र चाळण झालीय. रामहरी म्हणतो, दिवाळीत भंगारात घालू, ट्रॅक्टरला जागा होईल. मी लेकाला बजावलं, यंदा भाऊबीजेला मी त्यातच माहेरी जाणार. तर म्हणाला, मग रंगवणारा तूच शोध.

दाजींनी मला त्यातनं कधी इंदापूरला आणलं न्हाय. बाभळीचा ओरखडा येईल म्हणायचे. मला यष्टीत बसवायचे आन् गाडीवर गोधडी घालायचे. गोधडी पण माझीच.

बारामतीत एकानं तोंडावर सांगितलं, भंगार हाय. दुसऱ्यानं रंगवलेली जीप दाखवली. मडकं वाजवून घेतो तशी बोटानं वाजवली, तर बदबद. पत्रा ठोकलाच नव्हता, नुसतं लांबीचं लुकण थापलेलं. म्हणलं, बाबा, सारवण मी बी करते.

तिकडं बघ. वाजवून बघ. माया हाय तेवढी राहू दे, वाढवायची गरज न्हाय.

तुझी अक्का

इंदापूर, २९ सप्टेंबर १९९६

ती. अक्कास दत्तोबाचा सा. न. वि. वि. तुझ्या पायी गावभर गाड्या वाजवत हिंडलो. एका जीपवाल्यानं चोर समजून हटकलं. तुझी भावजय रंगूबाई अजून हसतीय.

शेवटी उसाच्या ट्रका ठोकणारा सिद्धू सापडला. त्याचं काम खणखण वाजतं. कुजका पत्रा कापून नवा जोडीन, म्हणतो. भीती एकच. ऊसतोडणी लागली की ट्रका आधी, तुझं डुक्कर मागं. म्हणून मी रोज त्याच्या दारात बसणार हाय. मला कटाळून तरी तो काम उरकंल. मल्हारला गाडी घेऊन लगेच धाड. रंग तांबडा नको ना? त्याच्याकडं ट्रकचा तांबडाच लई हाय.

रागावत जा, पण विसरू नको.

तुझा दत्तोबा

कन्हेरी, २० नोव्हेंबर १९९६

चि. दत्तोबास आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. तुझ्या दारच्या बाभळीनं नव्या रंगावर ओरखडा काढला, म्हणून तू बाभळ तोडणार आन् सिद्धूला हिकडं धाडणार. काय गरज न्हाय. ओवाळताना तू माझ्याकडं कमी आन् गाडीकडंच जास्त बघत व्हतास.

सिद्धूला सांग, दार खणखण वाजतंय. मोतिया रंग बरा दिसतो. जळोचीच्या नाक्यावर माणसं वळून बघत व्हती. पुढच्या शिटावर मी पहिल्यांदाच बसले. मागं बसल्यावर नुसती दाजींची टोपी दिसायची, पुढं रस्ता दिसतो.

ट्रॅक्टर भाईर उभा हाय. काल रात्री रामहरीच गोधडी घेऊन गाडीवर घालायला निघाला. मी त्याच्या हातातनं घेतली आन् अंगावर पांघरून झोपले. थंडी पडलीय.

पुढच्या भाऊबीजेला येते. बाभळ राखून ठेव.

तुझी अक्का