डावीकडचं रबर

अहो,

गाडी घेऊन ताईकडे राहायला चालले आहे, खाली शोधत बसू नका. काल पावसात डावीकडून सायकलवाला आडवा आला, तेव्हा "डोळे फुटले होते का तुझे?" म्हणून शेजारी बसलेल्या माझ्यावरच भर रस्त्यात ओरडलात. सकाळी मी वायपर दुरुस्त करून घ्यायला गेले. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, रबर झिजलं की साहेब तुमच्या बाजूचं चांगलं रबर स्वतःकडे लावून घेतात आणि झिजलेलं तिकडे." म्हणजे अकरा वर्षं मी काचेवरच्या फरकाट्यांतूनच रस्ता बघतेय. "चालवणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं," हे तुमचंच ना? आता चालवणारी मी. नवं रबर उजवीकडे, माझ्या बाजूला बसवून घेतलंय. डावीकडे तुमचं झिजलेलंच राहू दिलंय. त्या सीटवर आता कोणी बसायचं नाहीये.