समोरच्या बर्गरवाल्याचा बंदोबस्त

२ मे, सकाळ
समोरच्या बंद पडलेल्या टेलरच्या जागेत बर्गरचं दुकान आलं. दुकान म्हणायचं नाही म्हणे, रेस्टॉरंट म्हणायचं. चार टेबलं टाकली की रेस्टॉरंट होतं काय? मालक पोरसवदा. टोपी उलटी घालतो. ज्याला स्वतःचं कपाळ कुठल्या बाजूला आहे ते नक्की ठाऊक नाही, तो धंदा काय करणार! पंधरवड्यात गाशा गुंडाळेल. नव्याचे नऊ दिवस.
आपल्या बेकरीला घाबरायचं कारण नाही. आजोबांपासूनची भट्टी आहे. गिऱ्हाईक सध्या नाही, पण ते उन्हामुळे.

४ मे
टोपीवाला स्वतः आला. मला काका म्हणाला. रोज बन पुरवाल का, विचारत होता. मऊ हवेत, वरून चकचकीत हवेत, सगळे एका मापाचे हवेत. सांगितलं, ही बेकरी आहे, बटणांचा कारखाना नाही. चल नीघ. काय तोंड पडलं त्याचं!
ही गल्ल्यावर बसली होती. गिऱ्हाईक फिरकत नाही, भट्टी विझायची वेळ आलीय आणि तुम्ही दारात आलेली लक्ष्मी हाकलून देता, म्हणाली. आणखीही बरंच म्हणाली. हिला धंद्यातलं तत्त्व कळत नाही.
संकल्प: त्या दुकानाची पायरी चढणार नाही. मेलो तरी.

९ मे
ही हल्ली पहाटेच दुकानात जाते. मी खाली येतो (उशीर होतो, कंबर धरते) तोवर भट्टी तापून निवत आलेली, टेबल पुसलेलं. भट्टीवाले मामाही तिच्यासोबत घामाघूम. शिस्त लावली की माणसं अशी कामाला लागतात.
मैद्याची पोती मात्र भराभर संपतायत. उंदीर. पिंजरा आणणे.

११ मे
मागच्या दाराने टोपीवाल्याचा माणूस आपले क्रेट नेताना दिसला. भरलेले, वर फडकं. हिला विचारलं. उसने दिलेत म्हणाली. शत्रूला क्रेट! पण हिचा स्वभाव पहिल्यापासून भोळा. सोडून दिलं.

१५ मे
गाशा गुंडाळलेला नाही. उलट रांग लागते. ती रस्ता ओलांडून माझ्या दारापर्यंत येते आणि लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. मेल्यांना वासही येत नसेल का बेकरीचा?
आज रांगेत शेजारचा केमिस्ट. माझा जिवाभावाचा मित्र. मला बघून त्याने छत्री उघडून तोंड लपवलं. पाऊस नव्हता.

१६ मे, संध्याकाळ
गेलो. संकल्प मोडला नाही. तिथे पायरी नाहीच, उतार केलाय.
एक फाजील पद्धत आहे तिथे. काउंटरवर बेल ठेवलीय. काही आवडलं नाही तर बेल वाजवायची. मालक सगळ्यांदेखत ऐकून घेतो आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्या गोष्टीपुढे फुली मारतो. फार फुल्या झाल्या की ती गोष्ट बंद. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!
बर्गर मागवला. सगळा खाल्ला, पुरावा हवा म्हणून. मग बेल वाजवली. खणखणीत आवाजात सांगितलं, बन भिकार आहे. कापसाचा बोळा. ज्याने केलाय त्याला पीठ मळणं कशाशी खातात ते माहीत नाही, त्याला भट्टीच्या आसपास फिरकू देऊ नका.
टोपीवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, काका, नक्की ना? मी म्हटलं, तीन पिढ्या पीठ मळतोय आम्ही. त्याने एकदा रस्त्यापलीकडे आमच्या बेकरीकडे पाहिलं आणि खडू उचलला. खरं झोंबतंच. फुली मारली मुकाट्याने.
फार दिवसांनी गाढ झोप लागेल आज.

२० मे
मोहीम जोरात. केमिस्टला नेलं. खाऊन म्हणाला, अरे, बन तर सुरेख आहे. विचारलं, मैत्री मोठी की जीभ? वाजवली बिचाऱ्याने. लाँड्रीवाल्यालाही पटवलं. धाकट्या भावाची मुलं नेली. त्यांना बेल वाजवायला इतकं आवडलं की शेवटी हात धरून बाहेर काढावं लागलं. बनासमोर फुल्याच फुल्या.

२४ मे
विजय! टोपीवाल्याने बाहेरून बन घेणं बंद केलं.
जेवताना हिला सगळी मोहीम रंगवून सांगितली. बोळा वगैरे सगळं. हिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, तो बन माझा होता. आपल्या भट्टीतला. दुकान त्याच्यावर चाललं होतं, तुमच्यावर नाही.
मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तेव्हाच बंद पाडलं असतंत. मग विचारलं, तुम्ही शेवटचं पीठ कधी मळलंत? कंबरेचा विषय काढला, तर उठून गेली.
चूक हिचीच आहे. लपवाछपवीचं फळ. सकाळी नीट समजावून सांगावं.

२५ मे
समजावलं नाही. तिचे डोळे सुजले होते.

२७ मे
टोपीवाला आला. माझ्याकडे न बघता हिच्याशी बोलला. म्हणाला, काकू, तुमच्या हाताला तोड नाही, भट्टी जुनी म्हणून तक्रारी आल्या असतील. आम्ही ओव्हन घेतोय, तुम्हीच येऊन करा. मी म्हटलं, विचार करून कळवतो. मला कोणी विचारलंच नव्हतं. ही हो म्हणाली. मामाही निघाले.
जाऊ दे. आठवडाभरात परत येईल. माझ्यावाचून तिचं पान हलत नाही.

३० मे
स्वतः बन केले. त्यात काय, रक्तातच आहे! जरा भरीव झाले. टेबलावर एक पडला तर मांजर पळून गेलं. केमिस्टला चाखायला दिला. त्याने दाढ धरली आणि आज उपास आहे म्हणाला. त्याला मी उपास करताना कधी पाहिलेलं नाही.

३ जून
भट्टी पेटवली नाही. पेटवून करायचं काय?
ही घरी येते, वाढते, झोपते. बोलत नाही. तीस वर्षांत इतकी गप्प कधी नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. घर खायला उठतं.
दुपारी ठरवलं, चुकलं म्हणून टाकायचं. शर्ट बदलून समोर गेलो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, आत बन करतात त्या बाईंना सांगा, मिस्टर आलेत, महत्त्वाचं बोलायचंय. ती आत जाऊन आली. म्हणाली, काकूंनी सांगितलंय, कोणीही असो, रांगेतून या.
रांग पार लाँड्रीच्या पुढे गेली होती. जाऊन शेवटी उभा राहिलो.