बोट दाखवून म्हण

मुरोरान बंदर, मंगळवार

आईला कोसाकूचा वाकून नमस्कार.

लोणच्यासाठी मुळे वाळत घातलेस का? इथे आज इतकं दाट धुकं आहे की पोलाद कारखान्याच्या चिमण्याही दिसत नाहीत. जहाज भरायचं थांबलंय, म्हणून लिहायला बसलो. आठ महिने झाले आणि या कामावरून अजून पळालो नाही. हसू नकोस.

ताईचं पत्र आलं. तू गॅसवर पातेलं विसरलीस आणि ते जळून काळं झालं म्हणे. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. क्रेनने पोलादाचे पत्रे उचलण्याआधी तिचा आकडा, म्हणजे हुक, नीट अडकलाय हे बघून त्याच्याकडे बोट दाखवून ओरडायचं, "आकडा, ठीक!" मी सुरुवातीला तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो. मुकादम इसोगाई म्हणाले, "काय रे, आकड्याशी लग्न ठरलंय का तुझं? केवढा लाजतोस!" मागच्या महिन्यात घाईत माझं बोट दाखवायचं राहिलं आणि पत्रा घसरून माझ्यापासून हातभर लांब पडला. कुणाला लागलं नाही.

म्हणून सांगतो, स्वयंपाक झाला की तूही गॅसकडे बोट दाखव आणि मोठ्याने म्हण, "गॅस, बंद!" शेजारच्या हारुएकाकू हसल्या तर हसू देत.

मीही सुट्टी झाल्यावर धक्क्यावरून समुद्रापलीकडे, आपल्या गावाच्या दिशेला बोट दाखवून म्हणतो, "आई, ठीक!" इसोगाई मागून ओरडतात, "अरे, न बघताच कसं म्हणतोस?"

त्यांचं खरं आहे. नववर्षाला बघायला येतो.

तुझा,
कोसाकू